सहाव्या वर्गाची विहीर

अमेरिकेत कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड जमिनीत कायमचा गाडायचा असेल, तर ‘सहाव्या वर्गाच्या विहिरी’चा परवाना काढावा लागतो. या विहिरीतून उपसायचे काही नसते, सगळे आत सोडायचे असते. नियम हवामानबदलाच्या काळातला, पण त्याचा जन्म पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातून झाला आहे. त्याआधीचे पाच वर्ग कसे पडले, हे पाहिले की त्याचे कारण कळते.

नको ते जमिनीत दाबण्याची सुरुवात तेलवाल्यांनी केली. तेलाबरोबर खारे पाणी वर येते, अनेकदा समुद्राहूनही खारट. ते खड्ड्यांत किंवा ओढ्यात सोडून देणे हा जुना रिवाज. पूर्व टेक्सासमध्ये 1930 साली प्रचंड तेलक्षेत्र सापडले आणि हा रिवाज नद्यांच्या मुळावर येऊ लागला. तेव्हा ते पाणी खालच्या थरातच परत दाबायला सुरुवात झाली. 1942 मध्ये तेवढ्यासाठी वेगळी कंपनी निघाली. नदी वाचली आणि तेलाच्या थरातला दाबही टिकला.

ही युक्ती मग रासायनिक उद्योगांनी उचलली. डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनल या लष्करी कारखान्याच्या सांडपाण्याने आसपासच्या विहिरी आणि पिके नासली होती. उपाय म्हणून 1961 मध्ये तिथे सुमारे 3,670 मीटर खोल विहीर खोदली गेली आणि 1962 च्या मार्चपासून सांडपाणी तिच्यात जाऊ लागले. लवकरच भूकंपाचे धक्के बसू लागले. डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने 1965 मध्ये विहिरीत सोडलेले पाणी आणि धक्क्यांची संख्या यांचा मेळ दाखवून दिला. 1966 मध्ये विहीर बंद झाली, पण सर्वांत मोठे धक्के त्यानंतर, 1967 मध्ये बसले. पाणी सोडणे थांबले तरी खडकात भरलेला दाब पसरतच होता. 1968 मध्ये पेनसिल्व्हेनियात ईरी सरोवराकाठी एका कागद कारखान्याची अशीच विहीर फुटली आणि गाडलेले सांडपाणी उसळून सरोवरात गेले.

या पार्श्वभूमीवर 1974 मध्ये सुरक्षित पेयजल कायदा झाला. जमिनीत काहीही सोडणाऱ्या विहिरींवर नियंत्रण ठेवण्याचे काम पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे आले. 1980 च्या सुमारास वर्ग ठरले : पहिला कारखान्यांच्या खोल विहिरींचा, दुसरा तेल-वायू क्षेत्राचा, तिसरा खनिज विरघळवून काढणाऱ्यांचा, चौथा घातक कचरा उथळ थरात सोडणाऱ्यांचा (यावर पुढे बंदी आली) आणि पाचवा उरलेल्या सगळ्यांचा.

संरक्षण कोणत्या पाण्याला द्यायचे, याची रेषा मात्र दूरदृष्टीने आखली गेली. लिटरमागे 10,000 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेला भूजलसाठा पिण्याचाच मानायचा. आपल्याकडच्या मानकात दुसरा स्रोत नसेल तरच 2,000 मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालते. म्हणजे आज तोंडात धरवणार नाही अशा मचूळ पाण्यालाही तिथे कायद्याचे कवच आहे. उद्याच्या पिढीला तेच शुद्ध करून प्यावे लागेल, हा त्यामागचा हिशेब.

कार्बन डायऑक्साइड या चौकटीत आधी दुसऱ्या वर्गातून आला. टेक्सासच्या स्करी परगण्यात 1972 पासून उरलेले तेल ढकलून वर काढण्यासाठी हा वायू सोडला जात होता. पण तिथे एकीकडून वायू आत जातो तेव्हा दुसरीकडून तेल बाहेर येते, त्यामुळे दाब आवरतो. निव्वळ साठवणुकीत भर पडतच राहते. नॉर्वेने 1996 मध्ये समुद्राखालच्या स्लाइप्नर क्षेत्रात वर्षाला सुमारे 10 लाख टन वायू गाडायला घेतला आणि हे मोठ्या प्रमाणावर जमते हे दिसले.

साधारण 800 मीटरच्या खाली हा वायू दाबाने द्रवासारखा घट्ट होतो, तरी खाऱ्या पाण्याहून हलकाच राहतो आणि वर सरकू पाहतो. वरचा अभेद्य खडक त्याला अडवतो; पण त्या खडकाला आरपार गेलेली जुनी बोअर असेल, तर वाट मोकळी. पाण्यात मिसळला की सोड्यासारखे सौम्य आम्ल तयार होते. ते सिमेंट आणि लोखंड खाते आणि खडकातले आर्सेनिक, शिसे सुटे करू शकते. वायू स्वतः पोचला नाही, तरी त्याच्या दाबाने खारे पाणी गोड्या थरात चढू शकते.

2008 मध्ये मसुदा आणि 2010 च्या डिसेंबरमध्ये अंतिम नियम आला, तो याच धोक्यांना डोळ्यांसमोर ठेवून. दुसऱ्या वर्गात विहिरीभोवतीचा पाव मैल तपासला की बहुधा भागते. सहाव्या वर्गात वायू आणि दाब कुठवर पसरेल, याचे संगणकीय गणित मांडायचे, ते निदान दर पाच वर्षांनी पुन्हा तपासायचे आणि त्या टापूतल्या धोकादायक जुन्या विहिरी बुजवायच्या. खडक ज्या दाबाला फुटेल त्याच्या 90 टक्क्यांपलीकडे जायचे नाही. काम संपल्यावरही सर्वसाधारणपणे 50 वर्षे पाळत ठेवायची आणि त्या खर्चाची तजवीज आधीच दाखवायची.

परीक्षा इलिनॉयमधल्या डिकेटरला झाली. तिथे एडीएम कंपनी मक्यापासून इथेनॉल करताना निघणारा वायू 2017 पासून सहाव्या वर्गाच्या परवान्याने सुमारे दोन किलोमीटर खोल वालुकाश्मात सोडत होती. 2024 मध्ये कळले, की वायू आणि खारे पाणी परवानगी नसलेल्या थरात शिरले आहे. पिण्याच्या पाण्याला झळ पोचली नाही, पण गळती झाली ती पाळत ठेवण्यासाठीच खोदलेल्या विहिरीतून. तिचे पोलाद गंजले होते. ईपीएने नोटीस काढली. पुढच्याच वर्षी राज्याने लाखो लोकांना पाणी पुरवणाऱ्या माहोमेट भूजलसाठ्याच्या प्रदेशात अशा साठवणुकीवर बंदी घातली.

या सगळ्या प्रवासात खडकाने दगा दिल्याचे प्रसंग थोडे; माणसाने पाडलेले छिद्र मात्र पुन्हा पुन्हा नडले.

म्हणून हा इतिहास आपल्याही कामाचा आहे. आइसलँडने बेसाल्टमध्ये सोडलेला वायू दोनेक वर्षांत दगड होतो हे दाखवल्यापासून दख्खनच्या काळ्या पाषाणाकडे संशोधकांचे लक्ष आहे. पण त्या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे 25 टन पाणी लागते, आणि याच पाषाणाच्या भेगांतले पाणी आपली गावे पितात. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल अधिनियम मुख्यतः उपशाभोवती फिरतो. वायू गाडण्याचा पहिला परवाना निघण्याआधी बंद पडलेल्या बोअरची गाववार नोंद आणि त्या बुजवण्याची सक्ती व्हायला हवी. प्रकल्पाच्या घोषणेनंतर ती होईल अशा भरवशावर कुणी राहू नये.