सणासुदीतील संवेदनभार

सणाचे आवाज, उजेड, वास, स्पर्श आणि माणसांची वर्दळ एकाच वेळी अंगावर येऊन मुलाला ते सारे सोसेनासे होण्याची अवस्था. इंग्रजीत सेन्सरी ओव्हरलोड. स्वमग्न मुलांत ती विशेष दिसते, एडीएचडी असलेल्या काही मुलांतही आढळते. मूल कान दाबून धरते, कपडे ओढते, पळत सुटते किंवा एका कोपऱ्यात गप्प होते. हट्ट करणारे मूल मधूनमधून आपल्याकडे कोण बघते ते पाहते. हे मूल कोणाकडेच पाहत नाही, आणि हवी ती वस्तू हातात दिली तरी शांत होत नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ च्या निबंधातच मोठ्या आवाजांची धास्ती नोंदवली होती. तिला निदानाच्या निकषांत स्पष्ट जागा मिळाली ती २०१३ मध्ये, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीत.

कसमादेतील सण. नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यातून १९९९ साली वेगळा झालेला देवळा तालुका कळवण, सटाणा, मालेगाव यांच्यासह 'कसमादे' पट्ट्यात मोडतो. सणांच्या बाबतीत हा भाग अर्धा खानदेशच. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाकडे निघालेले पायी भाविक याच पट्ट्यातून वाजतगाजत जातात. वैशाखात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचा सण, श्रावणी अमावास्येला पोळा. कानबाईला रोटांच्या नैवेद्यासाठी सारी भाऊबंदकी एका घरात जमते. एरवी चौघांच्या घरात वीस-पंचवीस माणसे, चुलीचा धूर, बँड आणि सोमवारी विसर्जनाची नाचती मिरवणूक. मूल कोलमडले की कोणीतरी म्हणणारच, 'दृष्ट लागली'. मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या जातात. आधीच वासाने हैराण झालेल्या पोराला हा ठसका वरून.

दिवाळीची पहाट तर अशा मुलासाठी सर्वांत अवघड. अंधारात उठवणे, तेल, खरखरीत उटणे, जरीचा टोचणारा नवा कपडा आणि लगेच लवंगी माळ, हे सगळे तासाभरात. उटण्याऐवजी रोजचा साबण आणि नवा कपडा आदल्या आठवड्यात दोनदा धुऊन मऊ केलेला, एवढ्याने देव रागावत नाही.

मुलाला काय जमते. सण दरवर्षी त्याच तिथीला, त्याच क्रमाने, त्याच नैवेद्याने येतो, आणि क्रम पाळला जाणे स्वमग्न मुलाला मनापासून आवडते. बिथरवतो तो अचानकपणा. म्हणून आदल्या वर्षीचे फोटो क्रमाने दाखवणे, 'आधी पूजा, मग जेवण, मग घरी' असे चित्रांत मांडणे उपयोगी पडते. पोळ्याची संध्याकाळची मिरवणूक झेपत नसेल, तर सकाळी बैल धुणे, शिंगे रंगवणे ही कामे त्याच्या वाट्याला द्यावीत. सणातले महत्त्वाचे काम तेच. आखाजीचा झोका तर आयताच उपाय आहे. संथ, एका लयीतल्या झोक्याने पुष्कळ मुले निवतात, आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत टांगलेला झोकाही त्यासाठीच असतो. जड गोधडीत गुरफटून बसण्याचेही तसेच; मात्र मुलाला ती स्वतःहून काढता आली पाहिजे.

सगळीच मुले आवाजाला भितात असे नाही. काहींना संवेदना कमी पोचतात. ती ढोलाच्या कातड्यावर तळहात ठेवून उभी राहतात. त्यांना मागे ओढण्याऐवजी कानांवर इअरमफ चढवून तिथेच राहू द्यावे.

या भागातली अनेक कुटुंबे गावाबाहेर मळ्यात राहतात, ही मोठी सोय. मिरवणूक मळ्याच्या ओट्यावरून ऐकावी, पुढच्या वर्षी वेशीपर्यंत जावे, जमल्यास त्यापुढे. गावात घर असेल तर एक खोली आधीच ठरवावी, पाहुण्यांनाही सांगावे: इथे कोणी यायचे नाही, पापा घ्यायचा नाही.

कायदा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. फटाक्याला मात्र फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की ओट्यावरच्या मुलाची गत कळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली. त्यापेक्षा गल्लीतल्या चार घरांना 'वाजवण्याआधी हाक मारा' असे सांगणे अनेकदा जास्त उपयोगी पडते, कारण ठाऊक असलेला आवाज थोडा तरी सोसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र मिळते, आणि सांस्कृतिक जीवनात व करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्कही हा कायदा मानतो. मंडळाच्या मांडवात स्पीकरपासून लांब चार खुर्च्या राखून ठेवा, असे सांगायला एवढा आधार पुरेसा आहे.