मीर सुलतान खान

(सु. १९०३–२५ एप्रिल १९६६). अविभाजित पंजाबातील बुद्धिबळपटू. जन्म मिठा टिवाना (आता पाकिस्तानात) येथे. वडिलांकडून तो देशी बुद्धिबळ शिकला. त्यात प्यादे आरंभी एकच घर चाले आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. विशीतच तो पंजाबातील सर्वांत बलवान खेळाडू ठरला. जमीनदार सर उमर हयात खान टिवाना यांनी त्याला आश्रय दिला. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी त्याला लंडनला नेले. पाश्चात्त्य आरंभचालींचा अभ्यास जवळजवळ नव्हता. तरी ब्रिटिश अजिंक्यपद त्याने तीनदा (१९२९, १९३२, १९३३) मिळवले. हेस्टिंग्ज येथे (१९३०-३१) त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. हा डाव त्याच्या चिवट, संथ शैलीचा उत्तम नमुना होय. त्याचा अंतिम टप्प्यातील खेळ विशेष धारदार असे. १९३३ अखेर आश्रयदात्यासह तो परतला आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द पाच वर्षांतच आटोपली. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकरांविरुद्धच्या दहा डावांत त्याने फक्त एक बरोबरी दिली. पुढे तो शेतीत रमला. सरगोधा येथे क्षयाने त्याचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये.