खातं वाचलं, शब्दाचं काय?

हैदराबादेत घरूनच नारायणपेठी साड्या विकणाऱ्या एका ओळखीच्या वहिनींच्या इन्स्टाग्रामवर रात्री साडेअकराला लागोपाठ चार निरोप आले. एकीने विचारलं, ‘कितीला?’ दुसरीने तेलुगूत, ‘एन्ता?’ तिसरीने, ‘कितने की है आपा?’ चौथीने नुसतं, ‘प्राइस’. वहिनी झोपलेल्या होत्या, पण स्वयंउत्तराची सोय जागी होती. चौघींनाही क्षणात किंमत गेली, ‘उपलब्ध आहे’ गेलं आणि पैसे भरायची लिंकही गेली. साडी हातमागाची, एकच नग. ती दुपारीच घरी आलेल्या गिऱ्हाईकाने नेली होती. सकाळी उठून पाहतात तर दोघींचे पैसे जमा!

ही सोय लावून देणाऱ्याला विचारलं, तर तो निश्चिंत होता. ‘सगळं अधिकृत मार्गानं आहे, खातं बंद व्हायची भीती नाही.’

छोट्या व्यावसायिकांत आज रूढ असलेलं मत हेच आहे. ते नीट मांडायचं तर त्याची तीन कलमं होतात. एक, इन्स्टाग्रामने मान्य केलेल्या मार्गाने स्वयंउत्तर लावलं की ते सुरक्षित. दोन, उत्तर जितकं झटपट तितकी विक्री जास्त. तीन, यंत्र चुकलंच तर गिऱ्हाईक समजून घेतं, कारण ते यंत्र आहे. तिन्हींत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ती पसरली आहेत.

पहिलं कलम घेऊ. पासवर्ड मागणारी, चोरवाटेने खातं चालवणारी साधनं घातक आहेत, यात वाद नाही. अशा साधनामुळे खातं बंद पडू शकतं आणि दुसऱ्याच्या ताब्यातही जाऊ शकतं. अधिकृत मार्गाला शिस्त आहे. गिऱ्हाईकाने निरोप पाठवल्यापासून 24 तासांच्या आतच यंत्र उत्तर देऊ शकतं. पोस्टखालच्या कॉमेंटवरून खासगी निरोप धाडायचा, तर कॉमेंटमागे एकच आणि तोही 7 दिवसांत. हे नियम चांगलेच आहेत. पण निरोप कधी आणि किती जावेत, एवढंच ते पाहतात. त्यात लिहिलेलं खरं की खोटं, हे पाहणं त्यांच्या कक्षेत येत नाही. वहिनींच्या सोयीने एकही नियम मोडला नव्हता, तरी दोन बायकांना नसलेली साडी विकली. खातं सुरक्षित राहिलं, शब्द बुडाला.

दुसऱ्या कलमाच्या पाठीशी एका अभ्यासाचा हवाला नेहमी दिला जातो. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या मार्च 2011च्या अंकात अमेरिकी कंपन्यांच्या पाहणीवरचा लेख आला होता. चौकशी आल्यापासून तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्या, त्यानंतर तासभर जरी उशीर करणाऱ्यांपेक्षा, जवळपास सात पटींनी यशस्वी ठरल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. आता हे यश कशावरून मोजलं ते पाहा: खरेदीचा निर्णय घेणाऱ्या माणसाशी अर्थपूर्ण बोलणं झालं की नाही, यावरून. म्हणजे त्यात मोजला गेला तो विक्रेत्याच्या संवादाचा वेग. ठरीव मजकूर क्षणात फेकण्याच्या समर्थनाला तो पुरावा लावणं, म्हणजे वैद्याच्या तत्परतेचं श्रेय दवाखान्याच्या घंटीला देणं.

शिवाय हैदराबादेत संवाद म्हणजे तीन-चार भाषांची खिचडी. इथल्या दखनीत ‘नक्को’ म्हणजे आपलंच ‘नको’. ‘ब्लाउज पीस नक्को, सिर्फ साडी का बोलो’ असं कुणी लिहिलं, तर शब्द पकडून चालणारं यंत्र ‘ब्लाउज’ पाहून शिलाईचे दर पाठवतं. आणि ‘परसों’? हैदराबादी माणसाचा ‘परसों’ परवापासून मागच्या वर्षापर्यंत कुठेही जाऊ शकतो. ‘परसों मंगाई थी, रंग जा रा’ या तक्रारीवर यंत्र दोन दिवसांपूर्वीच्या ऑर्डरी धुंडाळणार आणि ‘अशी ऑर्डर आढळली नाही’ म्हणून मोकळं होणार. रंग गेल्याच्या दुःखावर खोटं ठरवल्याची डागणी!

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ही जुन्या यंत्रांची गोष्ट झाली. नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘नक्को’ही कळतं. कळत असेल. पण जास्त समजणारं यंत्र जास्त मोकळेपणाने वचनंही देतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. डिसेंबर 2023मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलच्या एका मोटार विक्रेत्याच्या संवादयंत्राला गंमत म्हणून कुणीतरी शब्दांत पकडलं, आणि त्याने एका डॉलरला मोटार विकायला होकार देऊन टाकला.

मग तिसरं कलम: यंत्राची चूक ती यंत्राची. कायदा तसं मानत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने 2000 सालीच, कलम 11मध्ये, हा प्रश्न निकाली काढला आहे. आपोआप चालण्यासाठी तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुणी रचलेल्या प्रणालीने पाठवलेला निरोप तुमचाच धरला जातो. एअर कॅनडाच्या संवादयंत्राने आजी वारलेल्या एका प्रवाशाला शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. यंत्र स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असाही बचाव कंपनीने करून पाहिला. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. गिऱ्हाईकांचे पत्ते आणि फोन नंबर या साधनांतून जातात, त्यांचंही तसंच. 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, काम दुसऱ्याला सोपवलं म्हणून जबाबदारी सुटत नाही.

एक धोका तर या चर्चेत येतच नाही. जे दुकान सदैव ठरीव वाक्यांत बोलतं, त्याची नक्कल सोपी. नाव आणि फोटो चोरून बनावट खातं उघडणाऱ्याला तीच चार वाक्यं उचलली की पुरे. खरी वहिनी कोण, हे गिऱ्हाईकाने ओळखायचं कशावरून? पैसे गेल्यावर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करता येतो, पण दुकानाचं नाव तोवर बदनाम झालेलं असतं.

म्हणून स्वयंउत्तर टाकूनच द्यावं का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. जी बाई साडी निवडते, फोटो काढते, पार्सल बांधते, तिनेच रात्री दोन वाजता पत्ता सांगत बसावं असा आग्रह कुणी धरू नये. फक्त सीमारेषा नेमकी हवी: कुणालाही, केव्हाही सांगितलं तरी जे बदलत नाही ते यंत्राने सांगावं, जिथे शब्द द्यावा लागतो तिथे माणसाने बोलावं. पत्ता, वेळ, साडीची लांबी, धुण्याची रीत, परतीचा नियम ही यंत्राची कामं. नग शिल्लक आहे का, कधी पोचेल, घासाघीस, तक्रार आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट ही माणसाची. स्क्रीनशॉट बनावट असू शकतो, तेव्हा ‘पैसे मिळाले’ हे बँकेचं खातं पाहूनच म्हणायचं. माणसापर्यंत पोचायची वाट उघडी हवी, ही अट व्हॉट्सॲपच्या व्यवसाय धोरणातही आहे. आणि माणूस बोलायला लागला की यंत्राने गप्प बसावं.

वहिनींनी त्या दोघींचे पैसे सकाळीच परत केले आणि लिंक काढून टाकली. आता रात्री किंमत विचारणारीला असं उत्तर जातं: ‘हे आपोआप गेलेलं उत्तर आहे. किंमत फोटोखाली लिहिली आहे. साडी एकच आहे. शिल्लक आहे का ते सकाळी दहानंतर मी स्वतः कपाट उघडून सांगते. तोवर पैसे पाठवू नका.’ सोय लावून देणारा म्हणतो, शेवटचं वाक्य धंद्याला मारक आहे. वहिनींनी ते तेलुगूतही लिहून घेतलंय.