पोस्टग्रेसमधील दोष आणि त्यांची दुरुस्ती

पोस्टग्रेसक्यूएल, वापरणाऱ्यांच्या तोंडी नुसते ‘पोस्टग्रेस’, ही मुक्तस्रोत डेटाबेस प्रणाली आहे. नोंदींचे तक्ते साठवणे, त्यांतून हवी ती नोंद शोधून देणे आणि एकाच वेळी अनेकांनी फेरफार केले तरी हिशेब चुकू न देणे, हे तिचे काम. तिचा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि विनामूल्य वापरता येतो. कोणत्याही एका कंपनीची तिच्यावर मालकी नाही. तेव्हा तीत दोष निघाला तर तो दुरुस्त कोण करतो, आणि ती दुरुस्ती वापरणाऱ्याच्या यंत्रापर्यंत पोहोचते कशी, हे प्रश्न ओघानेच येतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आहे. दुसऱ्याचे तितकेसे नाही, कारण शेवटचा टप्पा सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हाती असतो.

प्रणालीचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतला. मायकेल स्टोनब्रेकर यांनी ‘इन्ग्रेस’ या आपल्या आधीच्या प्रकल्पानंतर १९८६ मध्ये नवे काम हाती घेतले, आणि इन्ग्रेसच्या पुढचे म्हणून ‘पोस्टग्रेस’ हे नाव पडले. विद्यापीठातील प्रकल्प संपल्यावर दोन विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल भाषेची सोय केली, १९९६ मध्ये आजचे नाव आले आणि तेव्हापासून स्वयंसेवक व निरनिराळ्या कंपन्यांचे पगारी अभियंते मिळून ती चालवीत आले आहेत. स्टोनब्रेकर यांना २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या आधीच प्रणाली त्यांच्या हातून पार पुढे गेली होती.

बदल सुचवण्याचा अधिकार सर्वांना आहे. तो मूळ कोडात प्रत्यक्ष समाविष्ट करण्याचा अधिकार मात्र दोन-तीन डझन माणसांपुरता मर्यादित आहे. सुचवलेला बदल, म्हणजे पॅच, जाहीर पत्रव्यवहारात मांडला जातो आणि इतरांनी तो वाचून, चालवून, त्यातील खोट काढायची असते. हे परीक्षण साचून राहू नये म्हणून वर्षातून पाच वेळा, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च या महिन्यांत, नवे लिहिण्याऐवजी आलेले तपासण्यावर भर दिला जातो. एप्रिलच्या सुमारास नव्या सुविधांचे दार बंद होते, मग चाचणी आवृत्त्या निघतात आणि साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्षाची मुख्य आवृत्ती प्रसिद्ध होते. समाविष्ट झालेला प्रत्येक बदल वेगवेगळे प्रोसेसर व वेगवेगळ्या कार्यप्रणाली असलेल्या अनेक यंत्रांवर आपोआप तपासला जातो. आपल्या संगणकावर चाललेले दुसऱ्याच्या संगणकावर चालेलच असे नाही, हा अनुभव या व्यवसायात नित्याचा आहे.

एवढे होऊनही समाविष्ट झालेली गोष्ट मागे घेण्याची वेळ येते, आणि ती घेतली जाते. नोंद असेल तर सुधारा, नसेल तर घाला, असे एकाच आज्ञेत सांगणारी ‘मर्ज’ ही सुविधा २०१८ मध्ये ११ व्या आवृत्तीसाठी समाविष्ट झाली होती. आक्षेप आल्यावर त्याच वर्षी काढली गेली आणि २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत पुन्हा आली. त्याच १५ व्या आवृत्तीतून जेसनविषयक सुविधांचा मोठा भाग प्रकाशनाच्या अगदी तोंडावर वगळण्यात आला. त्यातील जेसन-टेबल वापरणाऱ्यांना मिळाले ते १७ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये. बाजारात आधी उतरण्याची घाई असलेल्या एखाद्या कंपनीला हे कितपत परवडले असते, हा विचार मनात येतोच.

आता आवृत्त्यांच्या क्रमांकाविषयी, कारण पुष्कळ गैरसमज इथूनच सुरू होतात. १० व्या आवृत्तीपासून क्रमांकाचे दोनच भाग उरले. १७.२ मधील १७ ही मुख्य आवृत्ती आणि २ हा त्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांचा अनुक्रम. मुख्य आवृत्तीत नव्या सुविधा येतात आणि तिच्याकडे जाण्यासाठी साठवलेली माहिती स्थलांतरित करावी लागते. दुरुस्ती-आवृत्तीत नव्या सुविधा नसतात. असतात त्या चुकांच्या, सुरक्षेच्या आणि माहिती बिघडण्याच्या प्रश्नांवरील दुरुस्त्या. ती बसवायची म्हणजे जुन्या प्रोग्रामच्या जागी नवा ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर असे तिचे ठरलेले महिने आहेत. प्रत्येक मुख्य आवृत्तीची पाच वर्षे अशी काळजी घेतली जाते, म्हणजेच एकच दुरुस्ती बहुधा पाच वेगवेगळ्या, वयाने भिन्न कोडांत बसवावी लागते. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावा’ हा आपल्याकडील कार्यालयांचा आवडता नियम मुख्य आवृत्तीपुरता काही काळ क्षम्य मानता येईल. दुरुस्ती-आवृत्तीला तो लावणे धोक्याचे आहे, कारण दोष जाहीर होतो तेव्हा तो गैरफायदा घेणाऱ्यालाही कळतो.

दोष किती खोल असू शकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१८ चे आहे. ते समजण्यासाठी जुन्या पेढीवरील रोजकीर्द आणि खतावणी डोळ्यांपुढे आणावी. पोस्टग्रेस प्रत्येक फेरफार आधी रोजकीर्दीत उतरवते आणि खतावणीत सवडीने चढवते. मध्येच वीज गेली तरी कीर्दीवरून खतावणी पुन्हा उभी करता येते. ठरावीक काळाने प्रणाली कार्यप्रणालीला सांगते, ‘आतापर्यंतची सगळी पाने डिस्कवर पक्की कर.’ या आज्ञेला एफसिंक म्हणतात. होकार आला की कीर्दीतील तेवढी पाने निकालात काढता येतात.

डिस्कने लिहिण्यास नकार दिला तर? पोस्टग्रेसचा समज असा होता, की पहिल्यांदा चूक आली तर थोड्या वेळाने तीच आज्ञा पुन्हा द्यावी. होकार आला म्हणजे काम झाले. लिनक्सचे वागणे निराळे होते. चूक एकदा कळवून झाली, की न लिहिली गेलेली पानेही तो ‘लिहिली’ अशा खुणेने बाजूला ठेवी. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या लेखी लिहायचे काही उरलेलेच नसे, म्हणून होकार येई. त्या होकारावर विसंबून पोस्टग्रेस कीर्दीची पाने टाकून देई. खतावणीत नोंद नाही, कीर्दही गेली, आणि कुठेही बोभाटा नाही.

वर्षानुवर्षे गृहीत धरलेली गोष्ट अशी २०१८ च्या वसंतात उघडी पडली. प्रत्यक्षात हे घडायला डिस्क किंवा साठवण-यंत्रणा बिघडावी लागे, म्हणून प्रसंग विरळा. पण माहिती जपण्याचे वचन देणाऱ्या प्रणालीला विरळा हा शब्द पुरत नाही. लिनक्सच्या कर्त्यांशी प्रदीर्घ चर्चा झाली. अखेर १४ फेब्रुवारी २०१९ रोजी ११.२, १०.७ आणि तेव्हा देखभालीत असलेल्या आणखी जुन्या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. ती ऐकायला विचित्र वाटते: एफसिंक फसले, की सर्व्हरने पुन्हा प्रयत्न न करता स्वतःला तत्काळ बंद पाडावे आणि कीर्दीवरून सारे नव्याने उभे करावे. चुकीच्या भरवशावर चालत राहण्यापेक्षा पडणे बरे, असा हा निर्णय. मायएसक्यूएलनेही पुढे हीच वाट धरली.

दुरुस्तीने नवा दोष आणणे, हेही या कामात घडते. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी १७.१ व तिच्या जुन्या भावंडांच्या दुरुस्ती-आवृत्त्या निघाल्या. त्यांतील एका दुरुस्तीने प्रणालीच्या अंतर्गत एका नोंदरचनेचा आकार किंचित वाढला. जोडीला चालणारे काही पूरक प्रोग्राम, त्यांत टाइमस्केलडीबीसारखा बराच वापरला जाणारा, जुन्या आकाराच्या हिशेबाने तयार केलेले होते. त्यांच्यात बिघाड संभवत होता. शिवाय सुरक्षेच्या एका दुरुस्तीमुळे वापरकर्त्याची भूमिका ठरवणारी एक जुनी सोय निकामी झाली. ठरलेल्या फेब्रुवारीची वाट न पाहता आठवड्यात, २१ नोव्हेंबरला, १७.२ आणि इतर आवृत्त्या प्रसिद्ध करण्यात आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये १७.३ नंतर आठवड्यातच १७.४ काढावी लागली, तीही सुरक्षा-दुरुस्तीतून उद्भवलेल्या अडचणीमुळेच. म्हणून जाणकार व्यवस्थापक दुरुस्ती आधी चाचणीच्या यंत्रावर बसवतात, दोन-चार दिवस पाहतात आणि मग मुख्य सर्व्हरला हात लावतात. दोन-चार दिवस, दोन-चार वर्षे नव्हे.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. दुरुस्ती बसवल्याने पुढचे बिघडणे थांबते, आधी बिघडलेले आपोआप नीट होत नाही. १४ व्या आवृत्तीत वेग वाढवण्यासाठी केलेल्या एका सुधारणेमुळे, कामकाज चालू ठेवून बनवलेल्या इंडेक्समधून काही नोंदी सुटू शकत होत्या. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची. सूचीत पान नसेल तर पुस्तकात असलेला मजकूरही सापडत नाही. १६ जून २०२२ रोजी, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर, १४.४ काढून ती सुधारणाच मागे घेण्यात आली. पण आधी बनलेल्या सदोष सूच्या तशाच होत्या. प्रकाशनासोबतच्या टिपणात त्या पुन्हा बांधाव्यात असे स्पष्ट लिहिले होते. हे टिपण न वाचता केवळ दुरुस्ती बसवणाऱ्याच्या डेटाबेसात सदोष सूची तशीच राहू शकते.

देवनागरीत नावे साठवणाऱ्यांनी सूचीचे हे प्रकरण आणखी एका अंगाने समजून घ्यावे. सूची वर्णक्रमाने लावलेली असते, आणि वर्णक्रम कोणता, हे पोस्टग्रेस पुष्कळदा कार्यप्रणालीला विचारते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. युनिकोडच्या संकेतांकांत मात्र तो ‘ल’ ला लागूनच, ‘व’ च्या आधी आहे. परिणामी संकेतांकांच्या क्रमाने ‘काळे’ आधी आणि ‘कासार’ नंतर. मराठी कोशाच्या क्रमाने ‘कासार’ आधी आणि ‘काळे’ नंतर. दोन्ही क्रम आपापल्या जागी चालतात. संकट येते ते सूची एका क्रमाने बांधून शोध दुसऱ्या क्रमाने घेतला तर. काळे यांची नोंद तक्त्यात असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर येते, आणि मग तीच नोंद दुसऱ्यांदा घातली जाते.

ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सवरील जीलिबसी या पायाभूत संग्रहाच्या २.२८ व्या आवृत्तीने वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, तेव्हा जगभर नेमके असेच झाले. पूर्वी ‘11’ नंतर येणारे ‘1-1’ नव्या नियमाने आधी येऊ लागले. घरक्रमांक किंवा पावतीक्रमांक मजकूर म्हणून साठवणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. पोस्टग्रेसच्या कोडात एक अक्षरही बदललेले नव्हते. कार्यप्रणाली अद्ययावत केली आणि सूच्या चुकू लागल्या. यावरचे उत्तर टप्प्याटप्प्याने येत गेले: वर्णक्रम कोणत्या आवृत्तीचा वापरला याची नोंद ठेवणे, तो बदलला असेल तर इशारा देणे, आणि १७ व्या आवृत्तीत कार्यप्रणालीवर अवलंबून नसलेला अंगभूत क्रम उपलब्ध करून देणे. हा अंगभूत क्रम संकेतांकांचा असल्याने तो स्थिर आहे, पण ‘काळे’ना ‘कासार’च्या आधीच बसवतो. मराठी क्रमाने यादी हवी असल्यास ती व्यवस्था वेगळी करावी लागते.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी तपासायच्या गोष्टी थोड्याच आहेत. चालू आवृत्ती कोणती हे ‘सिलेक्ट व्हर्जन’ या एका आज्ञेने कळते. सूच्या शाबूत आहेत का, हे १० व्या आवृत्तीपासून सोबत मिळणाऱ्या ‘ॲमचेक’ने पाहता येते, शंका असेल तर ‘रीइंडेक्स’ने त्या नव्याने बांधाव्यात. १३ व्या आवृत्तीची देखभाल नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली असून १४ ची मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे. या आवृत्त्यांवरून पुढे जाताना ‘पीजी-अपग्रेड’ हे साधन वापरले, तर ते जुन्या सूच्या सहसा जशाच्या तशा पुढे नेते. म्हणून त्याच वेळी कार्यप्रणालीही बदलणार असाल, तर मजकुराच्या स्तंभांवरील सूच्या नव्याने बांधूनच सर्व्हर वापरासाठी खुला करावा.