मागाहून नेमलेला मूळपुरुष

वंशावळ बहुधा खालून वर लिहिली जाते. आधी नातवंडं नावारूपाला येतात, मग त्यांना शोभेलसा मूळपुरुष शोधतात. चीनमधल्या पंडित-चित्रकारांच्या निसर्गचित्रशैलीचं असंच झालं. वंशावळ मांडली तुंग छी-छांग (1555–1636) या मिंग दरबारच्या अधिकाऱ्यानं. त्यानं आठव्या शतकातला कवी वांग वेई मूळपुरुष ठरवला. वांग वेईच्या हातचं खात्रीचं एकही चित्र आज उरलेलं नाही, हे तसं सोयीचंच! दरबारी, व्यावसायिक चित्रकार ते ‘उत्तरेचे’ आणि हौसेनं शाई घोटणारे विद्वान ते ‘दक्षिणेचे’. यात भूगोल नव्हता. ही नावं ध्यानमार्गी बौद्धांच्या दोन शाखांवरून उचललेली होती.

या विचाराचा पाया अकराव्या शतकात कवी सू शीच्या मित्रमंडळीत पडला. पण शैली घडवली ती, मला वाटतं, बेकारीनं. 1279मध्ये मंगोलांनी सुंग राज्य बुडवलं आणि अधिकारी निवडण्याच्या परीक्षा 1315पर्यंत झाल्याच नाहीत. शिकलेल्यांच्या हाती कुंचला राहिला, कचेरी गेली.

ह्वांग कुंग-वांग त्यांतलाच. कारकुनी केली, तुरुंगात गेला, सुटल्यावर ताओपंथी झाला. अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास त्यानं फूछुन डोंगरांचं साडेसहा मीटरहून लांब गुंडाळीचित्र हाती घेतलं. लहर लागेल तेव्हाच काम, त्यामुळे तीन वर्षांनीही ते अपुरंच. ज्या मित्रासाठी ते चाललं होतं त्याला धास्ती, की मधल्यामध्ये कुणीतरी लाटेल. म्हणून चित्र पुरं होण्याआधीच त्यानं ते आपल्या नावावर लिहून घेतलं. डोंगराच्या उतारावर सैल, लांब, किंचित वाकड्या रेघा एकीवर एक येतात. या रेघांना तिकडे तागाच्या धाग्यांचं नाव आहे. रंग नाही, नुसती काळी शाई.

1596 साली हे चित्र तुंगच्या हाती आलं. विद्वान चित्र विकत नाही, हा या पंडित-चित्रकारांचा दावा मात्र जपूनच घ्यावा: भेटवस्तू, उपकारांची फेड, शिफारशी असा मोबदला चालेच. खुद्द तुंगही काही निरिच्छ साधू नव्हता: त्याचं घर 1616मध्ये चिडलेल्या जमावानं जाळलं.

चित्र पुढे वू घराण्याकडे गेलं. 1650मध्ये मरणाला टेकलेल्या मालकानं ते आपल्याबरोबर न्यायचं म्हणून आगीत टाकायला लावलं. पुतण्यानं ओढून काढलं, तोवर दोन तुकडे झाले होते. छोटा तुकडा आता हांगचौला, मोठा तैपेईला. 2011मध्ये ते तैपेईत एकत्र मांडले गेले.