पडद्याआडची वकीलबाई

गेल्या पावसाळ्यात माझी भाची मला एक इंग्रजी कादंबरी देऊन गेली. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, आणि डोंबिवली-ठाणे लोकलच्या गर्दीत शब्दकोश कुठला उघडणार! अडलेल्या शब्दावर नखाने खूण करायची नि रात्री घरी अर्थ पाहायचा, असे वाचन चालले होते. तरी एकदा ठाणे मागे पडून मुलुंड आले तेव्हा कुठे भान आले. शाळेत लेटमार्क पडला तो निराळाच.

सुजाता मॅसी या लेखिकेच्या मालिकेतला २०१८ सालचा तो पहिला भाग. नायिका परवीन मिस्त्री, १९२१च्या मुंबईत वडिलांच्या कचेरीत काम करणारी पारशी वकीलबाई. मलबार हिलवर एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. तिघींनीही आपला हक्क सोडून दिल्याचा कागद कचेरीत येतो आणि परवीनच्या मनात पाल चुकचुकते. लौकरच त्या घरात खून पडतो. पुढचे सांगून मी तुमच्या फराळात खडा टाकणार नाही.

आमच्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार कुठल्याही तिजोरीपर्यंत पोचेल. पण जनानखान्याच्या उंबरठ्यावर त्याचेही पाऊल अडले असते. तिथे बाईच हवी. ही काही लेखिकेची नुसती कल्पना नव्हे. परवीनला घडवताना तिच्या डोळ्यांपुढे होती कॉर्नेलिया सोराबजी, १८६६ साली आपल्या नाशकात जन्मलेली मुलगी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती शिकली. परीक्षेत अव्वल आली, पण विलायतेची शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. मग तिकडच्या हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला पोचली. १८९२ साली कायद्याची परीक्षा उतरली. मात्र पदवी हाती पडायला १९२२ साल उजाडले. तीस वर्षे! आमच्या शाळेत निकाल तीन दिवस लांबला तर पालक दारात उभे राहतात.

पदवी नाही म्हणून ती थांबली नाही. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये राहून तिने पडद्यातल्या शेकडो विधवांची नि पोरक्या मुलांची गाऱ्हाणी तडीस नेली. पुढे १९२३च्या कायद्याने हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीचे दार उघडले, आणि मिठन टाटा लाम मुंबई हायकोर्टात उभ्या राहिल्या. कॉर्नेलियाबाईंचा गांधींच्या चळवळीला असलेला विरोध मला मुळीच रुचत नाही. पण त्या विधवांना तो रुचण्या-न रुचण्याचा प्रश्नच नव्हता.

ही गोष्ट मी कल्याणला माझ्या आत्याला सांगितली. ऐंशी वर्षांची बाई, अक्षरओळख नाही. वडिलांच्या पश्चात भावांनी पुढे केलेल्या हक्कसोडीच्या कागदावर तिने अंगठा उठवला होता. वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता ती ऐकत होती. खून कुणी केला, हे तिने विचारलेच नाही. मधेच हात थांबवून म्हणाली, "त्या तिघींना तो कागद कुणी वाचून दाखवला होता का गं?"

"परवीनने विचारलं नं तेच," मी म्हटले.

"मग सांग पुढं," म्हणून तिने शेंगांची परात बाजूला सारली.