चिखलावर तरंगणारं चाक
चिखलासाठी टायर बदलताना गिऱ्हाईक आधी दात्यांची उंची बघतं; इतिहास मात्र हवेकडे बोट दाखवतो. १९७० साली होंडाने अमेरिकेत आडवाटांवर चालवायची तीनचाकी (एटीव्ही) 'यूएस ९०' आणली. तिला सस्पेन्शनच नव्हतं. ॲम्फिकॅट या सहाचाकी उभयचर गाडीवरून सुचलेली, कमी हवेची २२ इंची फुगीर चाकंच धक्के सोसत आणि मऊ मातीवर तरंगत. कोणी म्हणेल, ती गाडी हलकी होती. आजच्या जड चारचाकी एटीव्हीला खोल दाते हवेतच. आक्षेप रास्त आहे: पातळ चिखलात तरंगणं संपतं, तळाची घट्ट जमीन गाठावी लागते. पण चिकणमाती फटींत थापली गेली, की कोरा टायरही लाटण्यासारखा गुळगुळीत होऊन जागीच फिरतो. म्हणून उंचीपेक्षा दात्यांमधलं अंतर मला मोलाचं वाटतं, आणि कमी हवेत लवणारी बाजू. ती लवली की गाळ झडतो.